फोटोतला तो देवदार नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत हिमालयातल्या उन्हाळी भटकंतीवर पानभर लेख आलाय. लेख चांगलाय, त्याबद्दल तक्रार नाही, पण वरच्या मोठ्या फोटोखाली "३३०० मीटरवरची देवदारची घनदाट वनराई" असं छापलंय आणि त्या फोटोत एकही देवदार नाही. एकही म्हणजे एकही. मी भिंग घेऊन बघितलं. घरचे हसले, म्हणे आई आता पेपरवाल्यांनाही वर्गात बसवणार, कारण मी तीसेक वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि ती सवय काही सुटत नाही. पण विषय हसण्यावारी न्यायचा नाही म्हणून लिहायला बसले.

तुम्ही म्हणाल बाई, झाड उंच आहे, सुईसारखी पानं आहेत, मागे बर्फ दिसतोय, देवदार म्हटलं तर बिघडलं कुठं? तर बिघडतं. आपल्याकडं कुणी आंबा, फणस, जांभूळ सगळ्यांना "आंबा" म्हणालं तर चालेल का आपल्याला? हिमालयात गेल्यावर मात्र आपण मराठी माणसं दोनच शब्द बरोबर नेतो, देवदार आणि पाईन, आणि जे दिसेल त्याला त्यातला एक चिकटवून मोकळे होतो. गंमत म्हणजे तिथल्या माणसांनी असं केलेलं नाही. गंगोत्रीहून गोमुखाला चालत गेलेले तुमचे पुष्कळ वाचक असतील. गंगोत्रीला, म्हणजे साधारण ३१०० मीटरवर, देवदार आहेत. तिथून वर चाललं की चीडबासा लागतं, चीड म्हणजे इथं नुसतं पाईन, खालच्या उतारावरची चीड नव्हे, आणि त्याच्याही वर ३८०० मीटरच्या आसपास भोजबासा, भोज म्हणजे भूर्ज. वाट चढत जाते तशी झाडं बदलत जातात आणि मुक्कामाची नावं झाडांवरूनच पडलीयत, चालता चालता आपोआप धडा होतो, आणि आपण तीच वाट चालून घरी येऊन सांगतो की काय ते देवदार होते, वा!

फोटोत काय आहे ते सांगते. ती आहेत फरची झाडं. हिमाचलात तोस म्हणतात. ओळखायला अवघड नाहीत. देवदारच्या फांद्या आडव्या, थराथरानं पसरतात आणि कोवळ्या झाडाचा शेंडा किंचित वाकलेला असतो, मान खाली घातल्यासारखा. तोस तसा नाही, तो काळपट हिरवा, अरुंद, सरळ, लांबून मिटलेल्या छत्रीसारखा दिसतो. तुमच्या फोटोत उजवीकडच्या झाडाच्या अगदी टोकाजवळ काळसर जांभळे शंकू फांदीवर उभे आहेत, मेणबत्त्या लावल्यासारखे, ती तर सहीच झाली त्याची. हे शंकू झाडाखाली कधी अख्खे सापडत नाहीत बरं का, ते वरच्या वर खवला खवला सुटून गळतात आणि फांदीवर नुसता मधला दांडा उरतो. देवदारचेही तसंच सुटतात पण त्यांचा वरचा भाग लाकडी गुलाबासारखा खाली पडतो, तो पर्यटक पिशवीत भरून आणतात आणि शोकेसमध्ये ठेवतात, माझ्याकडंही आहेत दोन, खोटं कशाला बोलू.

तोसाच्या शेजारी बऱ्याचदा स्प्रूस असतो, त्याला तिकडं राई म्हणतात (आपल्याकडं राई म्हणजे झाडी, तिकडं राई म्हणजे एक झाड, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाईडशी माझा बराच वेळ घोळ चालला होता). त्याचे शंकू खाली लोंबतात, बारक्या फांद्याही पडद्यासारख्या लोंबतात. आणि शंकू दिसत नसतील तर एक पान तोडून बोटाच्या चिमटीत फिरवून बघा, राईचं पान चौकोनी असतं म्हणून ते गरगर फिरतं, तोसाचं चपटं, ते फिरत नाही, त्याच्या टोकाला बारीक खाच असते आणि उलटं केलं की दोन पांढरट रेघा दिसतात. कैल म्हणजे ब्लू पाईन, त्याच्या सुया पाच-पाचच्या जुडग्यात. खालच्या उतारावरच्या चीडच्या तीन-तीनच्या. दर उन्हाळ्यात वणव्याच्या बातम्यांमध्ये जी झाडं जळताना दिसतात ती मुख्यतः ही खालची चीड, हजार दीड हजार मीटरवरची, तिचं गणित सगळं वेगळंय आणि बातमीत त्यालाही नुसतं "हिमालयातलं पाईनचं जंगल" म्हणतात, ते असो.

हे सगळं एका दिवसात बघायचं असेल तर मनालीहून रोहतांगचा जुना रस्ता होता. होता म्हणते कारण ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला आणि आता गाड्या ३०००-३१०० मीटरवर डोंगरात शिरतात आणि ९ किलोमीटरनं लाहौलमध्ये बाहेर पडतात. वेळ वाचतो हे खरं, तिथल्या लोकांची हिवाळ्यातली कोंडी सुटली हे तर फारच चांगलं झालं, पण आपण पर्यटक डोंगराचा एक अख्खा मजला बघायचा चुकवतो. मनालीला दोन हजार मीटरवर हिडिंबा मंदिराभोवती देवदार, मंदिर १५५३ चं सांगतात, झाडंही थोराड. मग कोठीकडं चढताना राई, तोस, मधूनमधून अक्रोड, मेपल, रानचेस्टनट. गुलाबाच्या पुढं झाडी विरळ होत जाते, पांढऱ्या सालीचे भूर्ज दिसायला लागतात, आणि मढीला पोचेपर्यंत ३३०० मीटरवर झाडं जवळपास संपलेली असतात, गवत आणि दगड सुरू. दर हजार मीटरला हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे तुम्ही घाटात बसल्या बसल्या तेवढी थंडी चढून जाता. आणि बोगद्याच्या पलीकडं? तिकडं पावसाची सावली, उघडे डोंगर, जुनिपरची सुवासिक सदाहरित झुडपं. एकाच डोंगराच्या दोन बाजू, एवढा फरक.

आता त्या तोसाच्या जंगलात आत चला माझ्याबरोबर, फोटो लांबून काढलाय म्हणून हे दिसत नाही.

पहिली गोष्ट, आवाज बंद होतो. खाली सुयांचा जाड थर असतो, पाय रुततो आणि पावलाचा आवाज येत नाही. या सुया लवकर कुजत नाहीत, थंडी आहे, राळ आहे, माती आंबट होते, त्यामुळं वर्षानुवर्षांचा थर साठतो. गडद सावली असते. फांद्यांवरून हिरवट करड्या दाढ्या लोंबत असतात, हातभर लांब, ते दगडफुलाचे भाऊबंद, म्हणजे आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूलही असंच झाडाच्या सालीवर वाढतं आणि त्यातलं बरंचसं हिमालयातनंच गोळा होऊन येतं, आपण डबा उघडताना एवढा विचार करत नाही. या दाढीवाल्याला स्वच्छ हवा लागते, धूर सोसत नाही. आणि कस्तुरीमृग हिवाळ्यात बर्फानं सगळं झाकलं की हेच खाऊन दिवस काढतो.

जमिनीवर शेवाळ, नेचे, आणि एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळलं की त्याच्या कडेकडेनं जी फुलं येतात त्यात एक आहे नागछत्री. वीतभर दांडी, वर तीन पानं, मधे तपकिरी जांभळट एकच फूल, लक्ष नसेल तर पाय पडेल असं साधं. याच्या कंदाला बाजारात भाव आला आणि लोकांनी डोंगरच्या डोंगर उकरले, झाड सावकाश वाढणारं, एकदा कंद काढला की संपलं. हिमाचलात आता याची चोरटी तस्करी पकडल्याच्या बातम्या येतात. वनककडीची छत्रीसारखी पानं असतात, तिला पुढं लालभडक फळ येतं. आणि सापकांद्याचे नातेवाईक तर नक्कीच भेटतात, कास पठारावर पावसाळ्यात बघितलेत तसेच, फणा काढून उभे. मला दरवेळी ओळखीचं कुणी परगावी भेटल्यासारखं होतं.

पडलेल्या खोडाकडं नीट बघा, ही माझी खास विनंती. मोठा तोस किंवा राई आडवा पडला की त्याच्यावर शेवाळाची गादी तयार होते आणि त्या गादीवर बारकी बारकी रोपं रांगेनं उभी असतात, बोटाएवढी. खाली सुयांच्या थरात मूळ मातीपर्यंत पोचत नाही, वरच्यावर सुकून जातं, पण सडक्या लाकडात ओल टिकते. म्हणून पडलेलं झाड म्हणजे कचरा नाही, ते बाळंतिणीची खोली आहे. या झाडांना भरघोस बी दरवर्षी येत नाही, काही वर्षांतून एकदा येतं, त्यातलं फार थोडं रुजतं, रुजलेल्यातलं गुरं तुडवतात, आणि जे जगतं ते सावलीत वाट बघत बसतं, वरचं मोठं झाड पडून उजेड येईपर्यंत, दहा वीस वर्षंसुद्धा. पश्चिम हिमालयात तोस आणि राईची नवी रोपं पुरेशी येत नाहीत हे जंगल खात्याची माणसं इंग्रजांच्या काळापासून म्हणत आलीयत.

तोसाशी आपला घरचा संबंध आहे हे किती जणांना माहितीय? खोकल्यावर वैद्य तालीसादि चूर्ण देतात, त्यातलं तालीसपत्र म्हणजे या फरचीच पानं. बाजारात त्या नावाखाली थुनेरचीही पानं येतात, थुनेर म्हणजे यू, तोही याच जंगलात सावलीत वाढणारा, लाल गर असलेलं फळ, पानं आणि बी विषारी. पानं दिसायला सारखी म्हणून घोटाळा. म्हणजे झाडाचं नाव चुकलं तर नुसती कॅप्शन चुकते असं नाही.

तोसाच्या वर भूर्ज, आणि भूर्जाच्या पायाशी शिमरू, म्हणजे फिकट जांभळ्या फुलांचा बुटका बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन). ही झाडांची शेवटची रांग. भूर्जाची साल कागदासारखी पदर पदर सुटते, जुनी हस्तलिखितं या सालीवरच लिहिलीयत, अंकांच्या इतिहासात नाव असलेलं बख्शाली हस्तलिखितही भूर्जपत्रावरच आहे. उतारावरचा भूर्ज सरळ उभा नसतो, बुंध्यापाशी आधी खाली झुकतो आणि मग वर वळतो, कारण दर हिवाळ्यात बर्फ उतारावरनं हळूहळू सरकताना त्याला ढकलत असतं. शिमरूची पानं कडाक्याच्या थंडीत खाली लोंबतात आणि विडीसारखी गुंडाळली जातात, सकाळी ऊन आलं की परत उघडतात, ते मी तासभर दगडावर बसून बघितलंय आणि ट्रेक लीडरचा ओरडा खाल्लाय.

मग याच्या वर झाड का नाही? माझ्या विद्यार्थ्यांचं ठरलेलं उत्तर, ऑक्सिजन कमी. नाही. थंडी हेच कारण पण जरा वेगळ्या तऱ्हेनं. पान उन्हात अन्न तयार करतच असतं, थंडीतसुद्धा बऱ्यापैकी, पण त्या अन्नातनं नवं लाकूड, नवी मुळं बांधायचं काम पाच-सहा अंशांच्या खाली जवळपास ठप्प होतं. घरात धान्य आहे पण चूल पेटत नाही अशी गत. वाढीच्या हंगामात सरासरी सहा-सात अंशसुद्धा मिळत नाहीत तिथं उंच झाड उभं राहू शकत नाही, जगात कुठल्याही डोंगरावर जा, साधारण हाच हिशोब लागतो. गवत, बुटकी झुडपं जमिनीला चिकटून राहतात, दिवसा जमीन तापते, त्यांचं भागतं. झाडाचं डोकं वाऱ्यात. आणि सूचिपर्णी झाडं एवढ्या वर टिकतात त्याचं एक कारण त्यांच्या खोडात आहे, पाणी वाहायच्या नळ्या अगदी बारीक, रात्री गोठून सकाळी वितळताना हवेचे बुडबुडे झाले तरी त्या आपलं दार लावून घेतात आणि शेजारच्या नळ्यांचं काम चालू राहतं.

हे सगळं लांबण लावून सांगितलं ते पुढच्यासाठी. दोन वर्षांपूर्वी उत्तराखंडात एका ट्रेकला गेले होते, कंपनीचं नाव लिहीत नाही, माणसं वाईट नव्हती. कॅम्प लागला तो बरोबर तोस जिथं संपतो आणि भूर्ज सुरू होतो त्या कडेला. सुंदर जागा, तुमच्या फोटोसारखीच. माझ्या टेंटची दोरी एका गुडघाभर झाडाला बांधली होती, तोसाचं रोप, शेंडा मोडलेला. वेळ होता म्हणून खोडावरची फांद्यांची वेटोळी मोजली, असली झाडं साधारणपणे दरवर्षी एक वेटोळं धरतात, तर माझा हिशोब चोवीसपर्यंत गेला आणि खालच्या गाठी झिजलेल्या होत्या त्या वेगळ्याच. म्हणजे गुडघ्याएवढं झाड, वय पंचविशीच्या पुढं, माझ्या मुलीएवढं. त्याला खुंटी केलं होतं. मी दोरी सोडून दगडाला बांधली तर पोरगा म्हणाला, मॅडम छोटासा तो पेड है. आणि रात्री शेकोटी. लाकूड कुठून आणलं विचारलं तर म्हणे सुकी फांदी, पण वासावरून कळत होतं, जुनिपर. जुनिपर ओलं असलं तरी तेलामुळं भुरुभुरु पेटतं म्हणून सगळ्यांना सोयीचं, आणि त्या उंचीवर मनगटाएवढं खोड व्हायला किती वर्षं लागत असतील विचार करा. सगळे गाणी म्हणत होते. मीही म्हटली एक, मग मात्र उठले.

उत्तराखंड उच्च न्यायालयानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये बुग्यालांवर, म्हणजे वरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि एका वेळी २०० माणसांची मर्यादा घातली. कुरणांची हालत बघता चांगलंच केलं. पण मी गेले त्या वाटेवर झालं काय की टेंट कुरणावरनं उठले आणि खाली झाडांच्या कडेला आले, जिथं एकेक रोप पंचवीस वर्षं गुडघ्याएवढं उभं असतं. गवत वाचलं आणि गदा रोपांवर आली. याच्याबद्दल कुणी बोलत नाही कारण कॅम्पवाल्याला, कॅम्पवर राहणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला ती जागा नुसती "देवदारच्या जंगलातला कॅम्प" असते, आणि देवदार काय, खाली कितीतरी आहेत. आणि त्याच लेखातल्या चौकटीत तुम्ही टीप दिलीय, रात्री शेकोटीची मजा जरूर घ्या! संपादक साहेब, ही टीप मागे घ्या, कॅप्शनपेक्षा ती जास्त टोचली मला.

लाकूडतोडीनं काय होतं त्याला भोजबासाच साक्षीदार आहे. नावात भोज आणि तिथं उतारावर भूर्ज जवळपास उरले नाहीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चुलीत गेले. गिर्यारोहक डॉ. हर्षवंती बिष्ट यांनी १९९० च्या दशकात तिथं भूर्जाची रोपं लावून जगवायचं काम हाती घेतलं. त्या उंचीवर लावलेलं रोप म्हणजे आपल्या वृक्षारोपणाच्या फोटोसारखं नसतं, खड्डा खणला, पाणी घातलं, झालं असं नाही, वर्षातले तीन-चार महिने काय ती वाढ, बाकी सगळं बर्फाखाली. उलट बर्फाखाली असतं तोवर बरं, पांघरूण असतं, वाऱ्यात शेंडा बाहेर राहिला की करपतो.

तेव्हा हिमालयावर परत लेख छापाल तेव्हा एवढं करा, लेखकाला म्हणावं वर बघून झालं की खाली बघ, शंकू उभे की लोंबते ते लिही, रोपं दिसली का ते लिही, आणि माणसाला कुणी सांगितलं नसेल तर निदान दोरी कशाला बांधतोय ते बघ.

आणि दुरुस्ती छापणार असाल, छोटीशी का होईना, तर तोच फोटो परत घ्या आणि खाली ओळ द्या: "३३०० मीटर. तोस, मागे भूर्ज, पायाशी शिमरू. देवदार खाली राहिले."

आपली,
एक जुनी वाचक